कोलकॅनन चिकट का होतो आणि त्याला पाणी का सुटते?

आपण विचारले आहे की, बटाटे कुकरमध्ये उकडून मिक्सरमधून काढले आणि त्यात वाफवलेला कोबी मिसळला, तेव्हा आयर्लंडचा कोलकॅनन डिंकासारखा ताणला का गेला आणि ताटलीत पाणी का सुटले. मी काही वर्षे डब्लिनमध्ये राहिले आणि हा पदार्थ शेजारच्या आजींच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले, म्हणून सांगते की या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

चिकटपणा मिक्सरमुळे आला. उकडलेल्या बटाट्याच्या पेशी फुगलेल्या स्टार्चने भरलेल्या असतात. पाते वेगाने फिरले की त्या फुटतात आणि बाहेर आलेल्या स्टार्चची अक्षरशः खळ होते. त्यामुळे बटाटे गरम असतानाच सोलून हाताच्या मॅशरने वरून दाबत कुस्करावेत, घोटू नयेत. आयर्लंडमध्ये यासाठी रूस्टर किंवा कर्स पिंक यांसारखे पिठूळ बटाटे घेतात, जे शिजल्यावर आपणहून भुसभुशीत होतात. आपल्या बाजारात पातळ सालीचे नवे बटाटे टाळून साठवणीतले जुने बटाटे निवडावेत.

पाणी मात्र दोन ठिकाणांहून आले असावे. कुकरमध्ये बटाट्याची साल फुटते आणि बटाटा पाणी पितो, हे आपण भाजीसाठी चालवून घेतो, पण इथे ते चालत नाही. आजी १ किलो बटाटे सालीसकट मिठाच्या थंड पाण्यात चढवीत, सुरी सहज आत जाऊ लागली की पाणी पूर्ण ओतून टाकीत आणि पातेले अगदी मंद आचेवर ठेवून वर झाकणाऐवजी घडी घातलेले सुती कापड पाच मिनिटे ठेवीत, म्हणजे निघणारी वाफ कापडात शोषली जाई. माझ्या मते या पदार्थातली सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटे हीच आहेत. दुसरे पाणी कोबीचे. सुमारे २५० ग्रॅम कोबी बारीक चिरून, उकळत्या मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे शिजवून, निथळून, फडक्यात घट्ट पिळून घ्यावा. सुरकुतलेल्या पानांचा सॅव्हॉय कोबी किंवा केल, म्हणजे गड्डा न धरणारा कोबीचाच भाऊबंद, मिळाला तर उत्तम. नाहीतर नेहमीच्या गड्ड्याची बाहेरची हिरवी पाने अवश्य वापरावीत, कारण चव तिथेच आहे. पदार्थाचे मूळ आयरिश नावसुद्धा ‘पांढऱ्या डोक्याचा कोबी’ या अर्थाचे आहे.

यानंतर १५० मिलिलिटर दुधात चार-पाच कांद्याच्या पाती, पांढऱ्या भागासह चिरून, मंद आचेवर मऊ कराव्यात आणि ते दूध गरम असतानाच थोडे थोडे बटाट्यात घालावे. थंड दुधाने बटाटा निवतो आणि जड होतो. मग कोबी, मीठ आणि मिरपूड घालून लाकडी चमच्याने हलक्या हाताने एकत्र करावे. वाढताना मध्ये खळगा करून त्यात लोणी सोडतात आणि कडेचा घास त्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात. लोण्यात काटकसर करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. (कोबी न घालता केवळ पातींचा केलेला प्रकार म्हणजे उत्तरेकडील अल्स्टरचा चॅम्प; दोन्हींची गल्लत बऱ्याच ठिकाणी होते.)

एरवी हा उकडलेल्या बेकनसोबत, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसासोबत, वाढतात, पण ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला मांस वर्ज्य असल्यामुळे, पूर्वी तोच मुख्य जेवण असे. त्या रात्री त्यात अंगठी आणि नाणे लपवीत. अंगठी ज्याच्या वाट्याला येईल त्याचे लग्न लवकर होणार आणि नाणे मिळेल त्याला धनलाभ, अशी समजूत होती. आपणही नाणे घालणार असाल तर ते कागदात गुंडाळून घालावे आणि जेवणाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी. उरलेला कोलकॅनन दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात, खालून खरपूस होईपर्यंत न हलवता परतावा.