तुमचे प्रश्न: कॅनडाला निघताय, पण भीती नेमकी कशाची?

मागच्या अंकात मी सहज म्हटलं होतं की कॅनडात यायचं ठरलं असेल तर सेफ्टीबद्दल काय वाटतं ते लिहा, आणि पत्रांचा नुसता ढीग पडला. सगळी घेणं शक्य नाही, चार घेतलीत. मी स्वतः डोंबिवलीची, टोरोंटोजवळ मिसिसॉगात राहून १९ वर्षं झाली, त्यामुळे सांगतेय ते बहुतेक ऑन्टारिओबद्दल आहे, बाकी प्रांतांचे नियम वेगळे असू शकतात.

ताई, मुलगा सप्टेंबरमध्ये ब्रॅम्प्टनला शिकायला चाललाय. व्हॉट्सअॅपवर रोज तिकडच्या गोळीबाराचे व्हिडिओ येतात. शेजारचे काका म्हणतात आपल्या मुलांना तिथे टार्गेट करतात. मला झोप नाही. पाठवू की नको? – एक आई, सांगली

वहिनी, आधी काकांचे फॉरवर्ड म्यूट करा. २०२२ चे आकडे बघा, भारतात लाखामागे साधारण २.१ खून, कॅनडात साधारण २.२५, म्हणजे जवळपास सारखंच. गोळीबार होतात, खोटं नाही, ब्रॅम्प्टनमध्ये आपल्याकडच्या धंदेवाल्यांना खंडणीचे फोनही आलेत, पण बेसमेंटमध्ये भाड्याने राहून दोन वेळची मॅगी खाणाऱ्या पोराकडे खंडणी कोण मागणार?

त्याला गाठणार तो फोनवरचा माणूस. फोन येतो की टॅक्स खात्यातून बोलतोय, तुमच्या सिन नंबरवर केस झालीय, आजच पैसे भरा नाहीतर डिपोर्ट. सिन म्हणजे इथला नऊ आकडी नंबर, नोकरीला आणि टॅक्सला लागतो. गंमत म्हणजे (गंमत कसली, लाजच) असे धंदे आपल्या अंगणातूनही चाललेत, ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी टाकल्या तेव्हा तिथून अमेरिकेतल्या लोकांना असेच टॅक्सवाले बनून फोन जात होते.

माझा भाचा इथे येऊन दोन महिने झाले होते आणि असाच फोन कानाला लावून किराणा दुकानात गिफ्ट कार्डच्या रॅकसमोर उभा होता, हातात पाचशे-पाचशे डॉलरची दोन कार्डं. काउंटरवरच्या बाईने त्याचा घामेजलेला चेहरा बघितला आणि विचारलं, बाळा हे कोणासाठी घेतोयस, आणि कार्डं परत रॅकवर लावून टाकली. पोरगा इंजिनियर आहे बरं का, बावळट नाही, फक्त घाबरलेला होता. टॅक्स खातं गिफ्ट कार्डाने पैसे कधीच घेत नाही, एवढं एक वाक्य मुलाकडून पाठ करून घ्या.

दुसरं, रूम. फोटो झकास, भाडं कमी, आणि मालक म्हणतो मी बाहेरगावी आहे, दोन महिन्यांचे पैसे ई-ट्रान्सफर करा, चावी कुरिअरने पाठवतो. पैसे एकदा गेले की गेलेच. पहिले दोन आठवडे कुठेतरी तात्पुरतं राहू दे, प्रत्यक्ष रूम बघू दे, मगच पैसे. ऑन्टारिओत मालक शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो, पण मोडतोडीसाठी म्हणून वेगळं डिपॉझिट घेता येत नाही. आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही, किचन किंवा बाथरूम मालकाबरोबर शेअर असेल तर भाडेकरूंचा तो कायदा सहसा लागूच होत नाही, उद्या जा म्हटलं तर भांडायला फारसा आधार नाही. तेव्हा पाठवा वहिनी, फक्त हे सांगून पाठवा.

टोरोंटोत जॉब लागलाय, शिफ्ट रात्री अकराला सुटेल. आई म्हणते पेपर स्प्रे घेऊन जा. चेक-इन बॅगेत चालतो का? – पुण्याची एक मुलगी

अगं बाई, नको! बॅगेचा प्रश्नच नाही, माणसावर मारायचा पेपर स्प्रे कॅनडात बंदी असलेलं हत्यार धरतात, जवळ सापडला तर गुन्हा तुझ्यावर. आईला सांग की तो पुण्यातच राहू दे.

त्याऐवजी हे कर. रात्री नऊ ते पहाटे पाच टीटीसीच्या (टोरोंटोची सरकारी बस-सबवे सेवा) बसमध्ये ड्रायव्हरला आधी सांगितलं तर तो दोन स्टॉपच्या मध्येही उतरवतो, म्हणजे अंधारातलं चालणं कमी. सबवेच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर एक ठरवलेली वेटिंगची जागा असते, भरपूर उजेड आणि बोलायला इंटरकॉम, तिथे थांब, कडेला उभी राहून मोबाईल बघू नकोस. आणि ९११ हा इथला इमर्जन्सी नंबर, तो लागला की पहिल्यांदा विचारतात पोलिस, फायर की अॅम्ब्युलन्स, आणि लगेच कुठे आहेस. आपल्याला सवय ‘अमुक मंदिरासमोर, तमुक मेडिकलच्या बाजूला’ सांगायची, इथे दोन रस्त्यांची नावं जोडून चौक सांगतात, यंग अँड फिंच, असं. रोजच्या वाटेवरचे चौक पाठ करून ठेव. चुकून लागला तर कट करू नकोस, चुकून लागला असं सांग, नाहीतर ते काळजीने उलटा फोन करत बसतात.

पीआर (कायम राहायचा परवाना) मिळालाय, फॅमिलीसकट मिसिसॉगाला येतोय. बायकोचं सोनं आणावं का? आणि गाडी कुठली घ्यावी जी चोरीला जात नाही? – एक वाचक, नाशिक

गाडीचं दुखणं मला विचारा. फेब्रुवारीतली सकाळ, रात्रभर बर्फ पडलेला, नवऱ्याने पडदा सरकवला तर ड्राइव्हवेवर पांढऱ्या बर्फात गाडीएवढा काळा कोरडा चौकोन आणि रस्त्यापर्यंत गेलेले टायरचे माग. गाडी नाही. काच फुटलेली नाही, आवाज नाही, काही नाही. किल्ली आमच्याच दाराशी, चपलांच्या रॅकवर, गणपतीच्या बाजूच्या वाटीत! चोर दोघं येतात, एकजण दाराशी अँटेना धरून आतल्या किल्लीचा सिग्नल पकडतो आणि दुसरा गाडीपाशी, गाडीला वाटतं मालकच आला. मग अशा गाड्या कंटेनरमध्ये घालून मॉन्ट्रियलच्या बंदरातून परदेशी. पोलिसांनी फोनवरच रिपोर्ट नंबर दिला आणि म्हणाले इन्शुरन्सला कळवा, झालं.

होंडा सीआर-व्ही, टोयोटा हायलँडर, लेक्ससच्या मोठ्या गाड्या चोरांच्या फार आवडत्या. तरी आवडली तर घ्या, पण स्टीअरिंगला दिसेल असा लोखंडी लॉक लावा आणि किल्ली फॅरडे पाऊचमध्ये, म्हणजे सिग्नल बाहेर जाऊ न देणाऱ्या पिशवीत, ठेवा. मी आधी लाडवाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून बघितली आणि डबा हातात घेऊन गाडीपाशी गेले तर गाडी उघडली. पाऊच घ्याल तोही असाच तपासून घ्या. २०२४ मध्ये टोरोंटोच्या एका पोलिसाने लोकांना सल्ला दिला होता की किल्ली दाराशीच ठेवा म्हणजे चोर घरात शिरणार नाहीत, त्यावरून इथे किती दिवस हशा चालला होता, पण हसताना पोटात गोळाही आला होता.

सोनं? रोजचं मंगळसूत्र आणि एखादा सेट आणा, बाकी तिकडच्या लॉकरमध्ये राहू दे. जे आणाल आणि जे पुढे कधी आणणार त्याची यादी, फोटो आणि किंमत लँडिंगच्या दिवशी कस्टमला द्या, नाहीतर पुढच्या वेळी ड्यूटीवरून डोकेदुखी. घराच्या इन्शुरन्समध्ये दागिन्यांच्या चोरीला सहसा मर्यादा असते, ती आकड्यात विचारून घ्या. आणि ‘चाललो चार आठवडे इंडियाला’ ही एअरपोर्टवरची सेल्फी परत आल्यावर टाका.

मुलाला बेसमेंट मिळालंय. खिडकीला ग्रिल नाही, नुसती काच. मालकाला ग्रिल बसवायला सांगू का? – बाबा, चिंचवड

नका सांगू काका. आपल्या डोळ्याला ग्रिलशिवाय खिडकी उघडी-नागडी वाटते, मलाही वाटायची. पण बेसमेंटमध्ये आग लागली आणि जिना धुराने भरला तर तीच खिडकी त्याची बाहेर पडायची वाट. मुलाला व्हिडिओ कॉलवर ती उघडून दाखवायला सांगा, तो त्यातून बाहेर निघू शकतो का तेही बघा. नसेल निघत तर दुसरी जागा शोधा, चोराबिराचं नंतर. स्मोक अलार्म चालू ठेवणं मालकाचं काम आहे, पण आपली पोरं काय करतात माहितीय, फोडणी टाकली की तो बोंबलतो म्हणून बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये. व्हिडिओ कॉलवर तेवढा ड्रॉवरही बघून घ्या.