आकृतीत फेरफार दिसतोय, संमतीपत्रावर सही करू का?

प्रश्न : केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेत मी सीनियर रिसर्च फेलो आहे. पीएचडीची नोंदणी विद्यापीठात आहे, पाचवं वर्ष चालू आहे. सरांनी एका पेपरचा मसुदा तयार केलाय, त्यात माझं नाव दुसरं आहे. त्यातल्या वेस्टर्न ब्लॉटच्या (नमुन्यातली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) आकृतीत दुसऱ्या आणि पाचव्या लेनमधले (उभ्या रांगांमधले) बँड, म्हणजे पट्टे, हुबेहूब सारखे दिसतात, पाचवा फक्त डावी-उजवी बाजू उलटवलेला आहे. तो ब्लॉट मीच केला होता आणि मूळ फोटोत पाचव्या लेनमध्ये बँड जवळजवळ नाहीच. सरांना विचारलं तर म्हणाले, “ट्रेंड तोच आहे, रिव्ह्यूअर इतकं बघत नाहीत.” आता लेखकांच्या संमतीपत्रावर माझी सही हवी आहे. नाही केली तर सिनॉप्सिसवर (प्रबंधाआधी द्यायच्या सारांशावर) सही मिळणार नाही, असं त्यांनी सुचवलं. लॅब नोटबुकही परत मागितली आहे. रुजू होताना मी गोपनीयतेचा करार केला होता. तक्रार केली तर तो मोडतो का? आणि सही केली नि पुढे हे बाहेर आलं, तर मीही अडकेन का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : सही करू नका. बाकी सगळं सवकाश ठरवता येईल, सही मात्र एकदा गेली की परत घेणं फार जड जातं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचं पत्र वाचताना मला सर्वात जास्त काळजी त्याचीच वाटली. जैववैद्यकीय नियतकालिकं लेखकत्वासाठी आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) चार निकष मानतात. संशोधनात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पेपरमधल्या प्रत्येक भागाच्या खरेपणाबद्दल उत्तर द्यायची तयारी. संमतीपत्रावर सही करताना तुम्ही तिसरा आणि चौथा निकष लेखी मान्य करता. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचं जीवाश्मांचं प्रकरण 1989 मध्ये ‘नेचर’मधून जगापुढे आलं. हिमालयात सापडले म्हणून सांगितलेले जीवाश्म भलतीकडचे असल्याचा आरोप होता. त्यांचे कितीतरी सहलेखक असे होते की ज्यांनी ती ठिकाणं कधी पाहिलीच नव्हती, समोर आलेल्या नमुन्यांचं वर्णन तेवढं त्यांनी केलं होतं. त्यांना “आम्हाला माहीत नव्हतं” असं म्हणायची जागा तरी होती. तुम्हाला ती नाही. ब्लॉट तुमचा आहे, फरक तुम्हाला दिसलाय आणि तो तुम्ही सरांना बोलूनही दाखवलाय. हे सगळं माहीत असताना सही केलीत, तर चौकशी समिती तुम्हाला फसवली गेलेली मुलगी म्हणून बघणार नाही.

नकार तोंडी देऊ नका. संस्थेच्या ईमेलवरून सरांना लिहा, प्रत मसुद्यातल्या बाकी सहलेखकांना. मजकूर साधारण असा ठेवा : ‘सर, आकृतीतील लेन 2 आणि लेन 5 मधील बँड एकसारखे दिसतात. या प्रयोगाची मूळ प्रतिमा सोबत जोडली आहे, तिच्यात लेन 5 मध्ये तसा बँड दिसत नाही. आकृती मूळ प्रतिमेशी पडताळून दुरुस्त होईपर्यंत मी अंतिम मसुद्याला लेखक म्हणून संमती देऊ शकत नाही. तोपर्यंत माझ्या नावाने हस्तलिखित सादर करू नये, ही विनंती.’ एवढंच. फसवणूक, बनावट, खोटेपणा यातला एकही शब्द नको. आकृत्या जुळवताना चुकीची फाइल पडणं प्रामाणिक प्रयोगशाळेतही घडतं आणि सरांना दुरुस्तीची संधी मिळायलाच हवी. त्यांनी ती घेतली तर उत्तम. नाही घेतली, तर त्यांना कधी आणि काय कळवलं होतं याचा तारखेनिशी पुरावा संस्थेच्याच सर्व्हरवर राहील. सहलेखकांना मूळ प्रतिमा पाठवणं म्हणजे माहिती बाहेर फोडणं नव्हे, ते त्याच कामाचे भागीदार आहेत.

आता नोटबुक. ती संस्थेच्या मालकीची असते, त्यामुळे मूळ वही घरी नेऊन ठेवायचा मोह आवरा. मागितली आहे तर परत करा, पण पोच घेऊन. किती पानांपर्यंत भरली आहे, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हे पोचेवर लिहून घ्या. देण्याआधी तुमच्या पानांची प्रत ठेवायची लेखी परवानगी मागा. जेल डॉकच्या (ब्लॉटचे फोटो काढणाऱ्या यंत्राच्या) संगणकावरून सगळा डेटा पेनड्राइव्हवर उतरवून आणणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि मग मला त्यांचाच बचाव करावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती उतरवून घेणं हाच गैरप्रकार ठरतो. तुमच्या कामासाठी तुमच्याकडे रीतसर आलेल्या फाइली ही वेगळी गोष्ट, त्या जशाच्या तशा राहू द्या, नाव बदलू नका, क्रॉप करू नका. पुढे त्या पुरावा म्हणून द्यायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्यासह) लागेल. म्हणून त्या ज्या लॅपटॉपवर आहेत तो फॉरमॅट करू नका, विकू नका.

गोपनीयतेच्या कराराला तुम्ही वाजवीपेक्षा जास्त घाबरला आहात. असा करार संस्थेची माहिती बाहेरच्यांपासून राखण्यासाठी असतो. संस्थेचे संचालक किंवा तिची स्वतःची नैतिकता समिती ही ‘बाहेरची’ कशी होईल? आणि गैरवर्तन खुद्द संस्थेपासूनच लपवून ठेवा असा अर्थ कुणी काढला, तर भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 23 आडवं येतं. सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार निरर्थक ठरतो. मात्र हे संरक्षण धरून तुम्ही वर्तमानपत्राकडे गेलात किंवा अप्रकाशित आकृती समाजमाध्यमांवर टाकलीत, तर माझं मत बदलेल. पेटंटचा अर्ज व्हायचा असेल तर तशा उघडकीमुळे त्यातलं नावीन्यच जाऊ शकतं आणि नुकसानीचं खापर तुमच्यावर फुटेल.

बदनामीच्या खटल्याची धमकी अजून आलेली नाही, पण येते, म्हणून सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला जे अपवाद दिलेत, त्यात सद्भावनेनं अधिकार असलेल्या व्यक्तीकडे केलेली तक्रार येते. संचालकांना दिलेला अर्ज या अपवादात बसतो. लॅबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज बसत नाही.

तक्रार कशाखाली करायची, इथे बरेच जण चुकतात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे विनियम उघडतात आणि मजकुरातल्या साम्याच्या 10 टक्के, 40 टक्के, 60 टक्के या पायऱ्यांचा हिशोब मांडत बसतात. ते विनियम वाङ्मयचौर्यासाठी आहेत. तुमच्या पेपरमध्ये एकही वाक्य उचललेलं नसेल, साम्य शून्य टक्के येईल आणि तरी आकृती खोटी असेल. त्या टक्क्यांच्या शिडीवर डेटातला फेरफार कुठेच बसत नाही. म्हणून अर्ज संस्थेच्या स्वतःच्या नियमांखाली करा. सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) संशोधनातल्या नैतिकतेबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) संशोधन-सचोटी आणि प्रकाशन-नैतिकतेचं धोरण आहे, तुमची संस्था ज्या छत्राखाली येते त्याची प्रत आस्थापना विभागाकडून मागून घ्या. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शिवाय अशा अनेक स्वायत्त संस्थांनी आपल्या शास्त्रज्ञांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1964 लागू केलेले असतात. त्यातल्या नियम 3 मध्ये पूर्ण सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा ही थेट सेवेची अट आहे. तुमच्या संस्थेच्या उपविधीत हे नियम स्वीकारले असतील तर अर्जात त्याचाही उल्लेख करा. संशोधन-नैतिकतेचा भंग म्हटलं की वैज्ञानिकांची समिती चर्चा करत बसते, सेवानियमाचा भंग म्हटलं की प्रशासनाला फाइल उघडावी लागते.

तक्रारदाराच्या संरक्षणाबद्दल तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा 2014 चा कायदा संसदेनं केला, पण तो अमलात आणलेला नाही. केंद्रीय दक्षता आयोगाकडे ओळख गुप्त ठेवून तक्रार करायची 2004 च्या ठरावाची सोय आहे, ती भ्रष्टाचार आणि पदाच्या दुरुपयोगापुरती. प्रकल्पाच्या पैशात गडबड असेल तरच तिकडे जा. तुमचं खरं संरक्षण तारखा टाकलेला कागद हेच आहे. संस्थेनं दाद दिली नाही किंवा सूड उगवला, तर उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. सीएसआयआर ही संविधानाच्या कलम 12 प्रमाणे ‘राज्य’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं 2002 मध्ये प्रदीपकुमार बिस्वास प्रकरणात ठरवलं. त्यामुळे सरकारचं सर्वंकष नियंत्रण असलेल्या अशा संस्थेविरुद्ध कलम 226 खाली रिट याचिका करता येते.

राहिली पीएचडी. ती या भांडणापासून कागदोपत्री वेगळी ठेवा, एकाच अर्जात दोन्ही विषय मिसळू नका. तुमची नोंदणी 7 नोव्हेंबर 2022 च्या आधीची आहे की नंतरची, ते बघा. आधीची असेल तर यूजीसीचे पीएचडीबद्दलचे 2016 चे विनियम लागतील आणि प्रबंधाआधी एक प्रकाशित पेपर असण्याची अट त्यांत आहे. सरांचा दबाव बहुधा याच अटीच्या जोरावर असावा. पण तो पेपर हाच असला पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. दुसऱ्या कामाचा छोटा, स्वच्छ पेपर चालतो. 2022 च्या विनियमांत यूजीसीनं ही अट काढली आहे, विद्यापीठानं स्वतःची ठेवली आहे का तेवढं तपासा. कमाल मुदत सहा वर्षं, महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे.

तुमची प्रगती ठरवणं एकट्या गाईडच्या हातात नसतं, संशोधन सल्लागार समिती असते. पुढच्या सादरीकरणात मूळ ब्लॉट दाखवा, पाचव्या लेनसकट, आणि ते इतिवृत्तात येईल असं बघा. प्रबंधातही तोच जाईल. सिनॉप्सिस तयार असेल तर सरांना पाठवून सहीसाठी लेखी विनंती करा, पंधरा दिवस वाट बघा आणि मग गाईड बदलून मिळावा म्हणून समितीकडे अर्ज करा. तिथे अडलं तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या 2023 च्या विनियमांप्रमाणे तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. ही 15 दिवसांची मुदत चुकवू नका.

सरांनी तुमचं नाव काढून तोच पेपर पुढे रेटला तर? आकड्यांवर कॉपीराइट नसतो, पण तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर लेखक म्हणून ओळख सांगायचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे तुमच्याकडेच राहतो, मालकी संस्थेकडे गेली तरी. आणि संमतीशिवाय तुमच्या नावानिशी पाठवला, तर संपादकांना वरच्या ईमेलची प्रत जोडून दोन ओळी लिहा. लेखकांमध्ये वाद आहे हे कळल्यावर जबाबदार नियतकालिक तो मिटेपर्यंत पेपर थांबवतं.

संमतीपत्र परत द्यायची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती या आठवड्यातली असेल तर ईमेल आजच पाठवा. नोटबुकच्या पोचेची आणि कराराची प्रत घेऊन स्थानिक वकिलांना पुढच्या आठवड्यात भेटलात तरी चालेल.