रिपोर्टवर मोल्डरचं नाव घालण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. ओतलेल्या पंप-केसिंगचा, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या लोखंडी कवचांचा, लॉट मशीनशॉपमधून परत आला, पहिला कट घेताच टाचणीच्या डोक्याएवढी भोकं उघडी पडली, आणि 'वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डरने वाळूत पाणी जास्त मारलं' असं लिहून मोकळी हो, असं तुला सांगितलंय. नोकरीला जेमतेम तीन महिने, त्यात तळोज्याचा जुलै. तुझी घालमेल मला कळते. तरी ते वाक्य आज लिहू नकोस.

मी लिहिलं होतं. नव्वदच्या दशकात तळोज्यातल्याच एका ओतशाळेत मी शिफ्ट बघायचो. असाच पावसाळा होता, अशीच भोकं होती. वाळूचं रजिस्टर न उघडता मी रात्रपाळीच्या मोल्डरवर ठपका ठेवला आणि त्याचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. पुढे तो सुटीवर गेला, तरी भोकं येतच राहिली. तेव्हा कुठे मी भंगाराच्या ढिगापाशी गेलो. नव्या गाडीतल्या पत्र्याच्या गठ्ठ्यांत ॲल्युमिनियमचे तुकडे दाबून बसवलेले होते. मी त्या मोल्डरची माफी मागितली, पैसेही परत मिळवून दिले. पण तो पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते अजून सलतं.

ॲल्युमिनियमचा आणि पाण्याचा काय संबंध, हे नीट समजून घे. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात उतरला की वाळूतल्या ओलाव्याची वाफ होते. रसातलं ॲल्युमिनियम त्या वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे राहिलेला हायड्रोजन रसात विरघळतो. लोखंड गोठायला लागलं की त्याला तो पोटात ठेवता येत नाही, मग कातडीच्या जरा खाली बुडबुडे अडकतात. म्हणून फेटलिंगपर्यंत, म्हणजे वाळू आणि जादा कडा साफ होईपर्यंत, कास्टिंग देखणं दिसतं आणि लेथवर गेल्यावर रडवतं. यासाठी 0.02 टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियमही पुरतं. म्हणजे वाळूतलं पाणी रोजच्याइतकंच असलं, तरी रस बदलला की भोकं येऊ शकतात. स्पेक्ट्रोच्या, म्हणजे रसातले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर कार्बन, सिलिकॉन सगळे वाचतात, ॲल्युमिनियमच्या रकान्याकडे कुणी बघत नाही. गेल्या पंधरा दिवसांच्या हीट, म्हणजे भट्टीचे एकेक घाणे, काढून तो रकाना वाच. इनॉक्युलंटची, म्हणजे ओतण्याआधी रसात घालतात त्या मिश्रणाची, नवी गोणी कधी फोडली तेही बघ, कारण त्यातल्या फेरोसिलिकॉनमधूनही ॲल्युमिनियम येतं.

त्याआधी एक खराब केसिंग फोड आणि भोक भिंगाखाली धर. बारीक, गोल, आतून चकचकीत आणि ग्राफाइटचा पातळ थर असलेलं भोक दिसलं, तर संशय हायड्रोजनवर. आत राखाडी स्लॅग, म्हणजे रसातली मळी, दिसला, तर गोष्टच वेगळी: रस थंड झाला असेल, मँगनीज आणि गंधक वाढलं असेल, लॅडलमधून, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातून, शेवटी भरलेल्या साच्यांना कमी तापमानाचा रस मिळाला असेल. तिथे वाळूला दोष देण्यात अर्थच नाही.

आता वाळू. कासार्ड्याची वाळू असो की आणखी कुठली, तिला धरून ठेवते ती बेंटोनाइट नावाची चिकणमाती, आणि बेंटोनाइटला जागं करतं पाणी. पाण्याशिवाय साचा उभाच राहणार नाही, त्यामुळे 'पाणी कमी करा' हा सरसकट हुकूम देऊ नकोस. ओलावा साधारण 3 ते 4 टक्के ठेवतात, पण रजिस्टरवरच्या आकड्यावर थांबू नकोस. मिक्सरमधून निघालेली वाळू मुठीत दाब. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, हात ओला झाला नाही आणि मोडल्यावर गोळा कडेने कातरल्यासारखा तुटला, तर ती बरी. शेकआउटहून, म्हणजे साचे फोडून कास्टिंग काढतात तिथून, परत आलेल्या वाळूतही हात घालून बघ. ती गरमच मिक्सरमध्ये जात असेल, तर पाणी वाफेने उडतं, मोल्डर ते भरून काढायला पुन्हा पाणी मारतो आणि दोष त्याच्या माथी येतो. खरं तर वाळू थंड होण्याइतका वेळ त्याला कुणी दिलेलाच नसतो.

कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे, कुठे ठेवलेत? सोडियम सिलिकेटने बांधलेले कोअर या हवेत रात्रभर उघडे राहिले, की ओल शोषून घेतात. सकाळी नखाने ओरखडून बघ, कोपरे भुसभुशीत झाले असतील तर वापरू देऊ नकोस.

आणि भट्टीपाशी माझं एक कडक सांगणं आहे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1700 पट जागा मागतं. रसाखाली ओलं भंगार गेलं, तर ती जागा ते माणसांच्या अंगावरून घेतं. पावसात भिजलेला गठ्ठा शेडखाली वाळल्याशिवाय भट्टीत चार्ज करायचा नाही, लॅडल लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय टॅपिंग, म्हणजे भट्टीतून रस काढणं, करायचं नाही. उत्पादन खोळंबलं म्हणून कुणी ओरडलं तरी नाही. माझ्या डाव्या हातावरचे डाग तू पाहिलेत, ते कसे आले ते तू कधी विचारलं नाहीस. एका ओल्या गठ्ठ्याचे आहेत. तू पेंधरला मेट्रोतून उतरून पुढे भिजत जातेस, तर कोरडे सुती कपडे कामावरच ठेव. नायलॉन घालून भट्टीजवळ जाऊ नकोस.

रिपोर्टमध्ये सध्या एवढंच लिही: 'कारण तपासत आहोत', आणि खाली हीटचे नंबर, भंगाराच्या गाडीची तारीख, वाळूचं तापमान. त्या मोल्डरला शेजारी बसवून विचार, गेल्या पंधरवड्यात त्याला काय वेगळं जाणवलं. त्याचं उत्तरही त्याच कागदावर लिही. रविवारी पनवेलला येशील तेव्हा फोडलेला तुकडा पिशवीत घालून आण, भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
काका