कोटीपोट नव्हे, कोठीपोट

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "गाईच्या पोटातल्या पहिल्या कप्प्याला, म्हणजे रुमेनला, कुणी 'कोटीपोट' लिहितं, कुणी 'कोठीपोट', आणि एका पुस्तकात तर 'रोमंथिका' असं सापडलं. बरोबर कोणतं? आम्हाला शिकवतात इंग्रजीतून, पण उद्या गावात पशुपालकांशी मराठीतच बोलायचं आहे. शिवाय घोड्यात चारा आंबवण्याचं असंच काम सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, करते. मग सीकमला मराठीत काय म्हणायचं?"

कोठीपोट. ठ लिहा आणि ठ म्हणा.

हे 'कोटीपोट' पशुपालनावरच्या लेखांत, शिबिरांच्या पत्रकांत, व्हिडिओंत सारखे भेटते आणि दर वेळी चीड येते. पहिल्यांदा कुणाच्या तरी हातून ठ चा ट झाला असेल, ते समजू शकते. पण आता त्या चुकीला शास्त्रही जोडले गेले आहे. 'त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, म्हणून ते कोटीपोट' हे समर्थन मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांकडून ऐकले आहे. हिशेबच करायचा तर नीट करू. या कप्प्यातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात जाते. एका थेंबातच कोटी मागे पडते, आणि गाईच्या पोटात असा द्रव डझनावारी लिटर असतो. जिवाणूंच्या मोजणीवरून नाव पडले असते, तर ते कोटीवर थांबले नसते.

आता खरा शब्द. संस्कृत 'कोष्ठ'. त्याचा 'कोठा' झाला, 'कोठी' झाली. कोष्ठागाराचे 'कोठार' झाले. अमरकोशात या शब्दाचे अर्थ एकाच ओळीत दिले आहेत: 'पुंसि कोष्ठोऽन्तर्जठरं कुसूलोऽन्तर्गृहं तथा.' अंतर्जठर म्हणजे पोटाचा आतला भाग, कुसूल म्हणजे धान्य साठवायची कणगी, अंतर्गृह म्हणजे आतली खोली. पोट आणि धान्याची साठवण हे दोन अर्थ एका शब्दात शेजारी शेजारी बसले आहेत, आणि गाईच्या डाव्या कुशीत नेमके तेच दोन एकत्र आले आहेत! या ओळीपुढे दुसरा पुरावा मला लागत नाही, पण तोही आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात 'कोठा' काढून पाहा. धान्याचे कोठार हा अर्थ आहे, पोट हा अर्थ आहे, आणि त्याच नोंदीत जनावरांचा गोठा हाही अर्थ आहे. वैद्यकातला कोष्ठ तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'कोठा साफ झाला' म्हणतो, 'कोठा जड आहे' म्हणतो, बद्धकोष्ठाची तक्रार करतो. आयुर्वेदात मृदुकोष्ठ आणि क्रूरकोष्ठ अशी माणसांची विभागणी आहे. चरकाने पंधरा कोष्ठांगे सांगितली, त्यांत आतड्यांबरोबर हृदयही घेतले. म्हणजे कोष्ठ ही धडाची सगळी आतली पोकळी. मराठी कोठ्याने त्यातले पोट तेवढे ठेवून घेतले.

ष्ठ चा मराठीत ठ होतो. ओष्ठाचा ओठ, अंगुष्ठाचा अंगठा, पृष्ठाची पाठ, काष्ठाची काठी, श्रेष्ठीचा शेठ. आणि माझी सर्वांत लाडकी जोडी: गोष्ठाचा गोठा, कोष्ठाचा कोठा. गाय उभी राहते तो गोठा, गाईच्या आत चारा राहतो तो कोठा. दोन्ही शब्द एकाच वाटेने, एकाच नियमाने घासत आपल्यापर्यंत आले.

यावर काही अभ्यासू मंडळी मला गाठतात. त्यांचे म्हणणे असे की मराठीत महाप्राण, म्हणजे ख, थ, ठ यांतला ह चा उच्चार, गळतो: प्राकृत हत्थचा हात होतो, हिंदीत भूख आणि आपल्याकडे भूक, हिंदीत हाथी आणि आपल्याकडे हत्ती. मग कोठीची कोटी झाली तर बिघडले कुठे? बिघडले असे की, ती झालेलीच नाही. कुठल्या घरात धान्याची 'कोटी' असते? पोलीस कुणाला 'कोटडीत' टाकतात? बाजार समितीत 'कोटार' असते का? कोठा, कोठी, कोठार, कोठडी, कोठावळे, कोठारी, सगळ्या गोतावळ्यात ठ शाबूत असताना गाईच्या पोटात शिरल्यावरच तो गळावा, असा ध्वनिनियम कुणी दाखवून द्यावा. दुसरा आक्षेप 'कोष्टक'चा. तो मी मानतो, मराठीत कोष्टक ट नेच रूढ आहे. पण तो लिखापढीतला शब्द, संस्कृत जोडाक्षर अंगावर ठेवून आलेला. त्याचा ष् अजून जागेवर आहे. कोठीतला ष् कधीच झिजला आणि जाताना ठ मागे ठेवून गेला. या दोघांना एका तागडीत घालू नये.

माझे ठाम मत असे की, हे नाव संस्कृत कोश चाळून कुणी घडवलेले नाही. जनावर कापताना आणि वजडी धुताना ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या तोंडी ते आधी आले असणार. संस्कृतज्ञाने नाव घडवले असते, तर त्यात 'आमाशय' किंवा 'जठर' आलेच असते. इथे 'पोट' हा रोकडा देशी शब्द आहे आणि त्याच्यामागे घरातली वस्तू आहे. जाळीपोट आणि पडदेपोट ही पुढची नावेही याच घडणीची. वजडी साफ करणाऱ्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाहीत. कोठीपोटाचे अस्तर टर्किश टॉवेलसारखे लवदार लागते. त्याला लागूनच मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे असलेला तुकडा येतो, ते जाळीपोट. मग एकावर एक पातळ पाने असलेला गोळा लागतो, त्या पानांत चाऱ्याचा कोरडा चुरा अडकलेला असतो, ते पडदेपोट. चौथे गुळगुळीत, घड्यांचे, बुळबुळीत. त्याला 'खरे पोट' म्हणतात, आणि ते नाव शास्त्राला धरून आहे. आम्ल आणि पाचकरस सुटतात ते तिथेच. आपल्या, कुत्र्याच्या किंवा डुकराच्या जठराशी ज्याची तुलना करायची, ते हे चौथे. म्हणून 'गाईला चार पोटे' हे बोलीपुरते ठीक. परीक्षेत मात्र एका जठराचे चार कप्पे म्हणा. उंटाचे तीनच मोजतात आणि तरी तो रवंथ करतो.

वासरू जन्मते तेव्हा कप्प्यांच्या आकाराचा क्रम मोठ्या गाईच्या उलटा असतो. खरे पोट सर्वांत मोठे आणि कोठीपोट लहानसे. दूध ओढताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून नळीसारखी होते आणि दूध कोठीला वळसा घालून थेट पुढे जाते. वासरू चारा खायला लागले की कोठी वाढते. मोठ्या गाईत चारही कप्प्यांचा मिळून 100 ते 200 लिटरचा पसारा होतो आणि त्यातला सुमारे 80 टक्के एकट्या कोठीपोटाचा असतो. पोटाची डावी बाजू जवळजवळ सगळी तीच व्यापते.

आता 'रोमंथिका'. या शब्दाशी माझे भांडण जास्त आहे, कारण तो शुद्ध दिसतो आणि म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. रोमंथ म्हणजे रवंथ; शब्द तोच. नामचे नाव, ग्रामचे गाव, तसा रोमन्थचा रवंथ, म चा व होऊन. तेव्हा रोमंथिका म्हणजे रवंथ करणारी किंवा रवंथाची जागा. पण कोठीपोटात रवंथ होतो का? होत नाही. रवंथ होतो तोंडात. घास वर येतो तोही कोठीच्या जोरावर नव्हे. जाळीपोट नेहमीच्या लयीबाहेरचे एक जादा आकुंचन पावते, गाय श्वास ओढते, आणि गोळा अन्ननलिकेत खेचला जातो. गाईच्या डाव्या बाजूला उभे राहून मानेकडे बघितले, तर तो वर सरकताना दिसतो. मग चाळीस ते साठ वेळा जबडा फिरतो, गोळा गिळला जातो, जबडा काही क्षण थांबतो, आणि दुसरा गोळा निघतो. दिवसाचे सहा ते आठ तास हेच चालते. कोठीचे काम भिजवायचे, घुसळायचे आणि मुरवायचे.

हा भेद आपल्या वैयाकरणांनी दोन हजार वर्षांपूर्वी पाहिला होता! पाणिनीचे सूत्र आहे 'कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः'. त्याने 'रोमन्थायते', म्हणजे रवंथ करतो, हे क्रियापद सिद्ध होते. त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी, येते: 'हनुचलन इति वक्तव्यम्.' हनुवटी हलत असेल, जबडा चालत असेल, तरच हे रूप वापरा. कशासाठी ही अट? 'कीटो रोमन्थं वर्तयति' या वाक्यासाठी. किडाही रोमंथ 'वळतो', पण जबडा हलवून वर काढलेले चावत नाही, म्हणून त्याला रोमन्थायते म्हणायचे नाही. सिद्धान्तकौमुदी या पाणिनीवरच्या पुढच्या ग्रंथात अर्थ आणखी बांधून दिला आहे: 'चर्वितस्याकृष्य पुनश्चर्वणे.' चावलेले ओढून आणून पुन्हा चावणे. पशुवैद्यकाच्या पुस्तकात रवंथाची याहून आटोपशीर व्याख्या मला मिळालेली नाही. ओढून आणणे आले, पुन्हा चावणे आले, काही राहिले नाही.

त्या किड्याचे काय? यावर कैयट आणि हरदत्त या जुन्या व्याकरण-टीकाकारांत मतभेद आहे. कैयट म्हणतो, इथे रोमंथ म्हणजे अपानातून, गुदद्वारातून, निघालेले द्रव्य आणि किडा ते खातो. न्यास या टीकेचा कर्ता आणि हरदत्त म्हणतात, किडा त्याचा गोळा वळतो. मी हरदत्ताच्या बाजूने आहे. शेणाचा गोळा वळत ढकलत नेणारा किडा ज्याने रस्त्यात पाहिला आहे, त्याला 'वर्तयति'चा अर्थ विचारावा लागत नाही. पण कैयटाच्या अर्थात मला ससा दिसतो. ससा आपल्या दोन प्रकारच्या लेंड्यांतली मऊ लेंडी गुदाशीच तोंड लावून खातो. ती सीकममध्ये आंबून तयार झालेली असते आणि पुन्हा पचनात गेल्यावर तिच्यातले पोषण त्याला मिळते. तोंड सारखे हलते म्हणून बायबलमधल्या लेवीय ग्रंथात ससा रवंथ करणाऱ्यांत घातला आहे. वार्तिककाराच्या तराजूत ससा बसला नसता. जबडा हलतो, पण घास आतून ओढून आणलेला नाही.

म्हणून रोमंथिका नको. ज्या कप्प्यात रोमंथ होत नाही, त्याला रोमंथाचे नाव देणे हे शरीरशास्त्रातही चूक आणि व्याकरणातही चूक. लॅटिनमध्ये रुमेनचे नाव रवंथाच्या क्रियापदाशी जोडलेले आहे म्हणून आपणही जोडले पाहिजे, असा काही नियम नाही. आपल्याकडे बरे नाव आहे.

या नावाचा गोठ्यात उपयोगही होतो. पशुपालकाला 'कोठीपोट' म्हटले की साठवण डोळ्यांपुढे येते, आणि पुढचे सांगणे सोपे जाते: कोठीत एकदम धान्य ओतले तर आतला कारभार बिघडतो, आम्ल वाढते, जनावर रवंथ सोडते. गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायला शिकवा. कोठी आकुंचन पावली की मूठ बाहेर ढकलली जाते. निरोगी गाईत दोन मिनिटांत साधारण तीनदा. भकाळी हाही शब्द वहीत लिहून ठेवा. शेवटची बरगडी आणि खुब्याचे हाड यांमधली ती खोलगट जागा. पोटफुगीत डावी भकाळी नगाऱ्यासारखी ताणते, हे पशुपालकच तुम्हाला सांगेल, आणि तेव्हा तुम्हाला हा शब्द माहीत असला पाहिजे. जाळीपोटाचेही तसेच. कुट्टीतून गेलेली तार किंवा खिळा वजनाने तिथे जाऊन बसतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटल आणि थोडेसेच अंतर असते. आकुंचनाबरोबर तार पुढे सरकली की ती हृदयाच्या वेष्टनात घुसते. चरकाने हृदय कोष्ठांगांत घेतले होते, ते इथे आठवते.

राहिला घोडा. घोड्याचे जठर लहान, 8 ते 15 लिटरचे, आणि एकच कप्प्याचे. तंतुमय चारा आंबतो तो जठराच्या आधी नव्हे, नंतर: सीकममध्ये आणि मोठ्या आतड्यात. घोड्याचे सीकम सुमारे मीटरभर लांब असते, त्यात 30 लिटरच्या आसपास मावते, आणि ते उजव्या भकाळीकडे लागते. गाईची कोठी डावीकडे. आंबलेले पुन्हा तोंडात आणून बारीक करायची सोय घोड्याला नाही, म्हणून लिदीत काड्यांचे तुकडे दिसतात आणि शेण मऊसूत असते. भाषेनेही शेण, लीद आणि लेंडी यांना वेगळी नावे दिली आहेत.

सीकमसाठी सुश्रुतात 'उंडुक' आहे, लिखाणात तोच वापरा. पशुपालकाशी बोलताना 'मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी' म्हणा, ते त्याला लगेच कळते. 'आंत्रपुच्छ' मात्र म्हणू नका. आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स. ते माणसाला असते, सशाला असते. घोड्याला, गाईला आणि कुत्र्याला ते नसते.