आरएक्स १०० चा कार्बोरेटर सध्या तरी खोलू नकोस

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी चतुर्थीच्या सुमारास किक मारमारूनही चालू होत नाही, हे गोव्यात नेहमीचंच. घाबरू नकोस. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्याच्या तळाच्या वाटीतलं, म्हणजे फ्लोट बाऊलमधलं, पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. त्यात हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही ओढून घेतं.

घरी एवढंच कर:

- पेट्रोलपासून लांब, स्पार्क प्लग काढून त्याची ठिणगी बघ. काळा, ओला असेल तर नवा टाक.
- टाकीतलं जुनं पेट्रोल काढ, ताजं भर.
- एअर फिल्टर धू, पूर्ण वाळव.

बऱ्याच गाड्या इथेच चालू होतात. नाही झाली तर मिस्त्रीकडे ने.

नवी मुलं हमखास करतात ती चूक म्हणजे कार्बोरेटर खोलून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या नळीत, तार घालणं. त्यातल्या पायलट जेटचं (स्लोसाठी पेट्रोल देणारा) भोक केसासारखं बारीक, आणि जेट पितळेचा. तारेने भोक मोठं झालं की स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग, कधीच नीट बसत नाही. दुसरी चूक, मिश्रणातली हवा कमीजास्त करणारा एअर स्क्रू किती फेरे फिरवला ते मोजल्याशिवाय फिरवणं. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तर टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होऊ शकतो, आणि तो खर्च सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट.

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही जुन्या आरएक्सवाल्यांना विचार, ते आपला मिस्त्री सांगतील. तो इंजिन गरम करून स्लो लावतो का, ते बघ. काम चालू असताना शेजारी उभा राहा, विचारत राहा. चांगला मिस्त्री दाखवतो. पुढच्या जूनमध्ये गाडी ठेवताना टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव.