जुन्या लग्नाच्या व्हीसीडी वाचायला डीव्हीडी ड्राइव्ह कोणता घ्यावा, आणि तो पारखावा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नाही, बहिणीच्या लग्नाच्या व्हीसीडी आणि वडिलांच्या एमआरआयची सीडी कपाटात पडून आहेत. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, ड्राइव्ह आणायचा तर इंटर्नल की एक्स्टर्नल, आणि खोक्यावरच्या आकड्यांवरून चांगला कोणता ते कसं ओळखायचं?

त्या आकड्यांवरून तुमच्यासाठी चांगला कोणता ते कळणार नाही. '८एक्स', '२४एक्स' हे ठळक छापलेले आकडे मुख्यतः लिहिण्याच्या वेगाचे असतात, आणि तुम्हाला लिहायचं काहीच नाही. वाचण्याचा कमाल वेगही ड्राइव्ह डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच गाठतो. आतून सुरुवात होते ती निम्म्याहून कमी वेगाने. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, त्यामुळे २४एक्सचा साधा ड्राइव्हसुद्धा धडधाकट सीडी पाचेक मिनिटांत उतरवतो. खरा फरक पडतो खराब सीडीवर. गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या सीडी मी कॉम्प्युटरवर घेतो. त्यातले काही गाणारे आज हयात नाहीत, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. एका ड्राइव्हने 'डिस्क टाका' म्हणून परत दिलेली सीडी दुसऱ्याने मुकाट वाचली, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. म्हणून माझं ठाम मत: ड्राइव्ह पारखायचा तो आपल्याकडच्या सगळ्यात वाईट सीडीवर.

कॅबिनेटला पुढे सव्वापाच इंचांचा कप्पा असेल तर इंटर्नल सॅटा (हल्लीच्या मदरबोर्डला लागणाऱ्या अरुंद केबलचा) घ्या. तो एसएमपीएसवरून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावरून, थेट १२ आणि ५ व्होल्ट घेतो, डिस्क घट्ट धरतो आणि किमतीच्या मानाने खणखणीत असतो. हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटना हा कप्पाच नसतो, मग एक्स्टर्नल. त्यात असतो तो लॅपटॉपचाच पातळ ड्राइव्ह, आणि त्याची बहुतेक दुखणी विजेची. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतं. पुढच्या पोर्टला लांब वायर लावली की ड्राइव्ह फिरतो, थांबतो, परत फिरतो, आणि आपण सीडीला दोष देतो. आखूड वायरने मागच्या पोर्टला जोडा. एका टोकाला दोन यूएसबी पिना असलेली वायर आली असेल तर दोन्ही लावा.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, चालत जवळच आहे. नव्याचं सील दुकानदार पाहण्यापुरतं फोडणार नाही, पण जुना ड्राइव्ह जोडून दाखवा म्हणा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. ट्रे चार-पाच वेळा उघडबंद करा. अडखळत बाहेर येत असेल तर आतला रबरी पट्टा सैल पडलाय. रुंद पट्टीवजा केबलचा आयडीई ड्राइव्ह फुकट मिळाला तरी नको, तुमच्या मदरबोर्डला तो लागणारच नाही. आणि डीव्हीडी चालली एवढ्यावर पैसे देऊ नका! डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लेसरने वाचली जाते, सीडी ७८० च्या. एक लेसर थकलेला आणि दुसरा ठणठणीत, असे ड्राइव्ह असतात. तुमचं सगळं काम सीडीचं आहे, तेव्हा सीडीच लावून बघा. मोठी फाइल कॉपी करून कान द्या: आवाज सुरुवातीला चढून मग एकसारखा राहिला तर उत्तम; सारखा उतरतोय, चढतोय, मधेच 'खट खट' येतंय, तर ड्राइव्ह झगडतोय. हीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर सुरळीत गेली तर प्रश्न मिटला.

आता सीडीकडे बघा. लग्नाच्या व्हीसीडीवर फोटोग्राफर नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर चिकटवायचे. मुंबईच्या दमट हवेत त्याची कड सुटते. ती सोलून काढायचा मोह आवरा. सीडीत माहितीचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वरच्या छापील बाजूला पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो; स्टिकरबरोबर तोच निघून येतो. खालचा ओरखडा पॉलिशने बराच सुधारतो, वरचा सुधारत नाही. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा: आरपार टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा भाग गेलेला आहे. बुरशीचे डाग मऊ ओलसर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मधल्या भोकापासून तडा गेलेली सीडी मात्र कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका, वेगात फुटते.

व्हीसीडीची एक खास अडचण आहे. साध्या डेटा सीडीत चुका दुरुस्त करायचा एक जादा थर असतो. व्हीसीडीच्या व्हिडिओत जास्त वेळ मावावा म्हणून तो वगळलेला आहे. त्यामुळे एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल, म्हणजे खुद्द व्हिडिओ, व्हीएलसी या प्लेअरमध्ये दिसते, चित्र क्षणभर चौकटी-चौकटी होऊन पुढे जातं, पण विंडोज कॉपी करायला गेलं की एका खराब जागेपाशी सगळंच सोडून देतं. याचा अर्थ सीडी मेली असा नाही. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर खराब सेक्टर ओलांडून बाकीचं काढून देतं. अडलेली सीडी मित्राच्या जुन्या डेस्कटॉपवरही लावून बघा. एका महागड्या ड्राइव्हपेक्षा वेगवेगळ्या बनावटीचे दोन साधे ड्राइव्ह जास्त उपयोगी पडतात.

ब्लू-रे ड्राइव्हच्या फंदात पडू नका, तुमच्याकडे त्याची एकही डिस्क नाही. उतरवलेलं परत डीव्हीडीवर लिहायलाही मी सांगणार नाही, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एमआरआयच्या सीडीचं मात्र सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. त्यातल्या डायकॉम फाइलींना, म्हणजे स्कॅनच्या खऱ्या चित्रांना, पुष्कळदा एक्स्टेन्शनच नसतं, आणि फालतू समजून त्याच आधी डिलीट होतात.