'स्वसंवेद्य' : कोणी जाणायचं, कशाने जाणायचं?

प्रश्न असा आला आहे : ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीतलं 'स्वसंवेद्या' हे देवीला उद्देशून आहे का, आणि 'संवेदनशील'शी त्याचं काही नातं आहे का?

आधी ओवी :

ॐ नमोजी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

शब्दाच्या शेवटचा 'आ' स्त्रीलिंगी नाही. आपण 'देवा', 'सख्या' म्हणतो तशीच ही अस्सल मराठी हाक. मूळ शब्द आद्य, प्रतिपाद्य, स्वसंवेद्य, आत्मरूप. लगेच पुढे 'देवा तूंचि गणेशु' येतं, तेव्हा शंकाच उरत नाही.

नातं मात्र आहे. 'विद्' म्हणजे जाणणे. 'संवेद्य' म्हणजे जाणण्याजोगं. संवेदना, संवेदनशील याच घरातले, आणि 'वेदना'सुद्धा. रात्री दाढ ठणकू लागली की उशाशी बसलेल्या आईला कितीही सांगा, ठणका कळतो तो आपल्यालाच. तो आहे की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. स्वसंवेद्य ते असं : ज्याचं त्याला, आतून, थेट कळणारं. म्हणून 'स्वयंसिद्ध'च्या जागी हा शब्द वापरू नये. स्वयंसिद्ध गोष्ट चारचौघांना एकदमच पटते.

'वेद' हा शब्दही 'विद्'चाच. म्हणजे वेद ज्याचं प्रतिपादन करतात तो, आणि फक्त स्वानुभवाने कळतो तो, दोन्ही एकच, आणि एकाच ओवीत. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवर एवढी मोठी टीका, म्हणजे भाष्य, लिहिणारे ज्ञानदेव पहिल्याच हाकेत ग्रंथाला मान देतात आणि ग्रंथाची हद्दही दाखवतात. मी इथे दर वेळी थबकतो.

हा 'स्व' कुणाचा, साधकाचा की देवाचा? समास दोन्ही अर्थ देतो : आपल्याला आपल्या आत कळणारा, किंवा स्वतःच स्वतःला जाणणारा. लगोलग 'आत्मरूपा' आल्यावर यातला एक निवडायची गरजच राहत नाही, असं मला वाटतं.

मग पोथी वाचायची कशी? तेही पहिल्याच अध्यायात आहे :

हें शब्देंवीण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे ।
बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥

'झोंबिजे' म्हणजे भिडावं, अंगाला अंग लावून. प्रमेय म्हणजे जाणून घ्यायचा विषय. बोल कानावर पडायच्या आधीच त्याला जाऊन भिडायचं.